एका बैठकीत दाढेची कॅप: घरून निघण्यापासून पहिल्या घासापर्यंत

"डॉक्टर, दाढ आते दुखत नही, मंग कॅप कसाले?"

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. रूट कॅनाल (दाढेतली खराब नस काढून आतली पोकळी भरणं) झालं, ठणका थांबला, की माणूस शेतीच्या किंवा दुकानाच्या कामाला लागतो. पण त्या दाढेचा बराच भाग किडीनं आधीच खाल्लेला असतो, आणि उरलेल्यातून आत जायला आम्ही वाट कोरलेली असते. भिंती पातळ झालेल्या असतात. पुढं कधीतरी फुटाणा किंवा सुपारी फोडताना दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही, आणि रूट कॅनालला घातलेले पैसेही वाया जातात. कॅप दाढेला चहूबाजूंनी धरून ठेवते, भिंती फाकू देत नाही. रूट कॅनाल झालेल्या मागच्या दाढांना बहुतेक वेळा कॅप लागते ती म्हणूनच. समोरच्या दाताचं रूट कॅनाल झालं असेल आणि दात फारसा तुटलेला नसेल, तर नुसतं भरूनही भागू शकतं.

नेहमीच्या पद्धतीत कॅपला किमान दोन खेपा लागतात. पहिल्या खेपेला दाढ घासून बारीक करतात, माप घेतात आणि वर तात्पुरती कॅप बसवतात. माप लॅबला जातं, आठ-पंधरा दिवसांनी कॅप येते, मग दुसरी खेप. जळगावात राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण धडगावहून चांदसैलीचा घाट उतरून येणाऱ्या बाईला, किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत चोपडा-शिरपूरकडून येणाऱ्या शेतकऱ्याला दुसरी खेप म्हणजे आणखी एक मजुरी बुडणं. मधल्या काळात तात्पुरती कॅप निघाली तर तिसरी. एका बैठकीत कॅप करून देणारी मशिनं आता मोठ्या शहरांबाहेरही पोचू लागली आहेत. त्यांचा खरा उपयोग अशा लांबून येणाऱ्यांना आहे, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे.

हे होतं तरी कसं

तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवून दाढेची त्रिमितीय प्रतिमा घेतात. कॉम्प्युटरवर त्या प्रतिमेवर कॅपचा आकार रचतात. शेजारच्या खोलीतलं मशीन सिरॅमिकच्या छोट्या ठोकळ्यातून तो आकार कोरून काढतं, लागेल तशी कॅप भट्टीत भाजतात आणि त्याच बैठकीत चिकटवतात. झुरिच विद्यापीठात दंतवैद्य वेर्नर मोरमान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांनी हे तंत्र घडवलं. १९८५ साली तिथं पहिल्या रुग्णाच्या दातात अशी कोरीव सिरॅमिक भर बसवली गेली. मागच्या दाढांत चांदीच्या जागी दातासारख्या रंगाची टिकाऊ भर एकाच बैठकीत करता यावी, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. अख्खी कॅप करण्याइतकी मशिनं तयार व्हायला पुढं आणखी काही वर्षं गेली. सुरुवातीला स्कॅन करण्याआधी दाढेवर पांढरी पावडर फवारावी लागायची. आताच्या बहुतेक कॅमेऱ्यांना ती लागत नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न

"डिजिटल कॅप" आणि "एका बैठकीतली कॅप" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लांबून आलेल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. पुष्कळ दवाखान्यांत फक्त स्कॅनर असतो. माप कॅमेऱ्यानं घेतात, फाईल बाहेरच्या लॅबला जाते आणि कॅप चार-आठ दिवसांनी येते. त्यात वाईट काही नाही. तोंडात मापाचा मसाला धरून उमासे सोसावे लागत नाहीत, हाही मोठा फायदा आहे. पण तुम्ही दिवसभराची सोय करून आलात आणि संध्याकाळी तात्पुरती कॅप लावून परत निघालात, असं होऊ नये. म्हणून सरळ विचारा: कॅप कोरायचं मशीन तुमच्याकडंच आहे का? भट्टी तुमच्याकडं आहे का? माझी कॅप त्याच दिवशी चिकटवून मिळेल का?

दुसरा प्रश्न विजेचा. कोरणं चालू असताना वीज गेली तर बहुतेक वेळा तो ठोकळा फुकट जातो आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. भट्टी मध्येच बंद पडली तरी तीच गत. वीज कधी जाईल याचा भरवसा आपल्याकडं सगळीकडं सारखा नाही. मशीन आणि भट्टी दोन्हीला पुरेल असा बॅकअप आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

तिसरा प्रश्न डॉक्टरांच्या पदवीचा. बीडीएस ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. कॅप, ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेले जोडदात) आणि कवळीच्या कामात पुढचं शिक्षण घेतलेले एमडीएस प्रोस्थोडॉन्टिस्ट असतात. कॅप बीडीएस डॉक्टरही उत्तम करतात, फक्त नोंदणीकृत दंतवैद्याकडंच जा. शेजारच्या दोन दातांना प्लास्टिकच्या मसाल्यानं खोटा दात चिकटवून देणारे काही लोक अजूनही फिरतात. त्यांच्याकडं गेलेल्या माणसाचे शेजारचे धडधाकट दात काही वर्षांत हलायला लागलेले आम्ही पाहतो. त्यांच्याकडं जाऊ नका, घरच्यांनाही जाऊ देऊ नका.

खर्चाबद्दल एकच आकडा सगळीकडं लागू पडत नाही. सगळ्यात स्वस्त धातूची कॅप, तिच्याहून महाग धातूवर सिरॅमिक चढवलेली, आणि त्याहून वर झिर्कोनिया व इतर पूर्ण सिरॅमिकच्या. एका बैठकीतली कॅप या वरच्या गटात मोडते, कारण मशीन महाग असतं आणि ठोकळे बाहेरून मागवावे लागतात. सांगितलेल्या रकमेत रूट कॅनाल, दाढेची आतली भर, एक्स-रे आणि नंतरची तपासणी धरली आहे की नाही, ते कागदावर लिहून घ्या. बहुतेक आरोग्य विम्यांत असला खर्च मिळत नाही, तेव्हा त्या भरवशावर निघू नका. पैशाची ओढाताण असेल तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात काम करतात. खेपा मात्र जास्त पडतात.

"एका बैठकीत" म्हणजे पहिल्याच भेटीत नव्हे

माझं या लेखातलं सगळ्यात ठाम म्हणणं हेच आहे. कॅप एका बैठकीत होते, पण त्या बैठकीसाठी दाढ आधी तयार असावी लागते. ही तयारी गावाजवळच्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडंही होऊ शकते, त्यासाठी लांब जायची गरज नाही. ती नीट झालेली असेल तर कॅपचा दिवस सुरळीत जातो. कच्ची राहिली असेल तर लाखोंचं मशीन असूनही काम बिघडतं.

तयारीत पहिली गोष्ट म्हणजे दाढ शांत हवी. नस जिवंत असेल आणि गार-गरम लागून मिनिटभर ठणकत असेल, तर आधी नसेचा निकाल लावावा लागतो. रूट कॅनाल झालेलं असेल तर एक्स-रे ताजा हवा आणि मुळाशी पू, सूज किंवा चावताना दुखणं नको. कॅप बसल्यावर आत पुन्हा जायचं म्हणजे नव्या कॅपला भोक पाडणं. रूट कॅनाल पुरं झालं त्याच दिवशी कॅपही उरकून टाका असा आग्रह पुष्कळ रुग्ण धरतात. काही दाढांत ते चालतं. पण ज्या दाढेला सूज होती तिला थोडे दिवस देऊन, ती चावायला शांत झाली आहे ना, हे पाहून पुढं जाणं मला योग्य वाटतं. हे "थोडे दिवस" सहा महिने होऊ देऊ नका, कारण त्याच काळात दाढ चिरण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट हिरडी. तिच्याकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त कॅपा तिच्यापायीच बिघडतात. कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच मशीन कोरतं. हिरडी सुजलेली असेल, हात लावताच रक्त येत असेल, तर दाढेची घासलेली कड रक्ताखाली आणि लाळेखाली लपते. कड अंदाजानं धरली की कॅप आणि दाढ यांच्यामध्ये बारीक फट राहते. ती आज दिसत नाही, पण पुढं तिथूनच कीड आत शिरते. म्हणून कॅपच्या दहा-पंधरा दिवस आधी दात साफ करून घ्या आणि त्या दिवसांत दोन्ही वेळा मऊ ब्रशनं घासा. दात साफ केल्यानं हलतात ही समजूत चुकीची आहे. साचलेल्या कीटणानं हिरडी खाली सरकलेली असते आणि कीटण निघाल्यावर ते उघडं दिसतं, एवढंच. मशेरी लावणाऱ्या आयाबायांना आणि तंबाखू मळणाऱ्या भाऊंना माझी कळकळीची विनंती आहे: निदान हे पंधरा दिवस थांबा. थांबलातच तर पुढंही थांबा. तंबाखूचा संबंध नुसत्या कॅपशी नाही, तोंडाच्या कॅन्सरशी आहे. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर कॅप बाजूला ठेवून आधी तो दाखवा.

तिसरी गोष्ट दाढ किती उरली आहे. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दाढ असावी, म्हणजे कॅपला धरायला आधार मिळतो. दाढ हिरडीखाली तुटलेली असेल तर आधी हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल, किंवा डॉक्टर दाढ काढायचा सल्ला देतील. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. पण "कसंही करून कॅपच बसवा" असा हट्ट धरू नका.

काहींनी दोन खेपांचीच पद्धत निवडावी असं मी स्वतः सांगतो. एकदम तीन-चार दातांचा ब्रिज करायचा असेल, किंवा समोरचा एकच दात शेजारच्या दाताशी रंगानं हुबेहूब जुळवायचा असेल, तर लॅबमधला कसलेला कारागीर थर चढवून जे करतो ते एकाच ठोकळ्यातून कोरून साधणं कठीण असतं. झोपेत करकर दात खाणाऱ्यांनी ते आधी सांगावं, त्यांच्यासाठी साहित्य निराळं निवडावं लागतं. अगदी शेवटची, उंचीला बुटकी दाढ असेल तर चांगली धातूची कॅप आजही भक्कम काम देते. तिला दाढही कमी घासावी लागते. ती जुन्या काळातली म्हणून हिणवण्याचं काही कारण नाही.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

सकाळची वेळ मागा. काम तीन-चार तासांचं आहे. काही अडलं तर दुपार हाताशी राहते आणि शेवटची एसटी चुकत नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून रेल्वेनं जळगावला येणाऱ्यांनी परतीची गाडी संध्याकाळचीच धरावी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन डोकं फोडतं, त्या दिवसांत तर सकाळच बरी. घरात लग्न असेल किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येणार असतील, तर कॅप त्याच्या आदल्या दिवशी ठरवू नका. बसल्यावर एखाद्या वेळी थोडं घासून सारखं करावं लागतं, त्यासाठी निदान आठवडा हाताशी असू द्या.

उपाशी येऊ नका. भूल फक्त तेवढ्या जागेची असते, त्यासाठी पोट रिकामं लागत नाही. उलट शुगरवाल्यांनी नेहमीसारखं खाऊन, आपली गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेऊनच यावं. उपाशीपोटी गोळी घेऊन खुर्चीत तीन तास बसलं तर साखर एकदम उतरू शकते. बीपीची गोळी चुकवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांना आधी सांगा. हृदयाची झडप बदललेली असेल, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, दिवस गेलेले असतील, तर हे फोनवरच सांगून ठेवा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा. "पांढरी बारीक गोळी आहे" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

वयस्कर माणसाबरोबर घरचं कुणीतरी असावं. नाना किंवा मोठी माय खुर्चीत संकोचून गप्प बसतात, बाहेर आल्यावर मुलाला सांगतात की टोचतंय. सोबत कुणी असलं की ते आतच बोललं जातं.

खुर्चीत

डॉक्टर सगळ्यात आधी दाताचा रंग ठरवतात आणि तो आधीच ठरवायला हवा. तोंड तासभर उघडं राहिलं की दात कोरडे पडून पांढरट दिसतात, मग रंग चुकतो. खिडकीच्या उजेडात आरसा धरून तुम्हीही बघा.

मग इंजेक्शन. खालच्या दाढेसाठी दिलं तर अर्धा ओठ आणि जीभ जड पडते. जडपणा दोन-चार तास राहतो. रूट कॅनाल झालेल्या दाढेत नस नसते, तरी हिरडी दुखू नये म्हणून बधिर करतात.

दाढ घासायला अर्धा-पाऊण तास लागतो. सिरॅमिकच्या कॅपसाठी वरून साधारण एक ते दीड मिलिमीटर आणि बाजूनं सुमारे एक मिलिमीटर घासावं लागतं. जेवढी जाडी घासली तेवढीच कॅपला मिळते, आणि पातळ राहिलेली सिरॅमिक तडकते. "माझी दाढ फार घासू नका" ही भीती मी समजू शकतो, पण इथं कमी घासणं तुमच्या फायद्याचं नाही. घासून झाल्यावर हिरडी बाजूला सारायला डॉक्टर एक बारीक दोरी दाबून बसवतात. थोडा दाब जाणवतो, दुखत नाही.

स्कॅन पाच-दहा मिनिटांत होतो. आधी घासलेली दाढ, मग समोरच्या जबड्याच्या दाढा आणि शेवटी दात मिटून बाजूनं. तिसऱ्या स्कॅनच्या वेळी तुम्ही नेहमी जसं मिटता तसंच मिटा. पुष्कळ जण कॅमेरा दिसला की जबडा पुढं काढतात. चुकीच्या मिटण्यावर बेतलेली कॅप मग उंच बसते.

पुढचा अर्धा-पाऊण तास तुम्हाला काही काम नसतं. पडद्यावर कॅपचा आकार रचला जातो. बघायचं असेल तर सांगा, बहुतेक डॉक्टर आनंदानं दाखवतात. कोरायला मशिनला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. नुकतीच कोरलेली कॅप निळसर-जांभळी दिसली तर दचकू नका. लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकचा तो कच्चा रंग असतो. भट्टीत साडेआठशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्यावर ती पक्की होते आणि दातासारखा रंग धरते. झिर्कोनियाचं निराळं आहे. ती खडूसारखी मऊ असताना मुद्दाम मोठी कोरतात, कारण दीड हजार अंशांच्या आसपास भाजताना ती सुमारे पाचव्या हिश्शानं आकसते. साध्या भट्टीत हे भाजणं कित्येक तासांचं असतं. त्याच दिवशी झिर्कोनिया हवी असेल तर झटपट भाजणारी खास भट्टी लागते. एकाच दिवसात झिर्कोनिया देतो असं कुणी म्हटलं तर तेवढं विचारून घ्या. ताकदीत झिर्कोनिया वरचढ, दातासारखी झाक लिथियम डायसिलिकेटला जास्त. मागच्या दाढेला जोर जास्त पडत असेल तर मी झिर्कोनियाकडं झुकतो, हसताना दिसणाऱ्या दाढेला दुसरी सुचवतो.

चिकटवण्याआधीची पाच मिनिटं

कॅप एकदा पक्क्या सिमेंटनं चिकटली की सहसा अखंड काढता येत नाही, कापूनच काढावी लागते. म्हणून जे बोलायचं ते आता बोला. डॉक्टर कॅप नुसती बसवून बघतात, तेव्हा तुम्ही तीन गोष्टींकडं लक्ष द्या.

आरशात रंग आणि आकार बघा. आवडलं नाही तर स्पष्ट सांगा, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मग शेजारच्या दाढेशी ती कशी टेकते ते विचारा. डॉक्टर मधून फ्लॉसचा दोरा घालून पाहतात. दोरा थोडा अडून खटकन आत गेला पाहिजे. सैल गेला तर त्या फटीत प्रत्येक जेवणात काहीतरी अडकणार. आपल्याकडं भरतातल्या वांग्याची बी, शेवभाजीतली शेव, मेथीचं पान, सगळं तिथंच जाऊन बसतं आणि माणूस टाचणीनं कोरत राहतो. हा दोष कॅप हातात असतानाच सुधारता येतो, नाहीतर नवी कोरता येते. मशीन तिथंच असण्याचा हा मोठा फायदा आहे. स्कॅन साठवलेला असतो, दुसरा ठोकळा लावला की तासाभरात दुसरी कॅप. म्हणून "जाऊ द्या, चालंल" म्हणू नका.

तिसरी गोष्ट कडेची. कॅपची कड कुठं संपते आणि दाढ कुठं सुरू होते, तिथं डॉक्टरांचं टोकदार हत्यार अडकता कामा नये. हे तुम्हाला स्वतःला तपासता येत नाही, पण "कड नीट बसली का, एक्स-रेत बघायची गरज आहे का?" एवढं विचारता येतं. कड कशी आहे यावरच कॅपचं आयुष्य बहुतेक ठरतं. नुसती झटपट झाली म्हणून खूश होऊ नका.

काही कारणानं कॅप मनासारखी बसत नसेल, हिरडीतून रक्त थांबत नसेल, किंवा डॉक्टरच म्हणाले की आज तात्पुरती लावू, पुढच्या आठवड्यात पक्की करू, तर ते ऐका. परतीच्या भाड्यापायी ओल्या हिरडीवर कॅप चिकटवून घेऊ नका. असं थांबायला सांगणारा डॉक्टर तुमच्या भल्याचंच बोलतो आहे.

चिकटवताना दाढ कोरडी राहणं अत्यावश्यक आहे. लाळेचा थेंब लागला तरी पकड कमी होते. त्यासाठी डॉक्टर कापूस, लाळ ओढणारी नळी किंवा रबराचा पडदा वापरतात. त्या काही मिनिटांत जीभ तिकडं नेऊ नका आणि बोलू नका. नंतर निळा उजेड टाकून सिमेंट पक्कं करतात आणि कडेनं बाहेर आलेलं खरडून काढतात. सिमेंटचा कण हिरडीत राहिला तर तिथं सूज येते.

शेवटी निळा कागद दातांत धरून चावायला सांगतात. पाठ टेकून आडवं असताना जबडा मागं जातो, तेव्हा एकदा खुर्ची सरळ करून, नीट बसूनही चावून दाखवा. डावी-उजवी घासूनही दाखवा. मात्र ओठ बधिर असताना "बरं वाटतंय" या उत्तराला फारसा अर्थ नसतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. कॅप घासून कमी केली असेल तर पुन्हा गुळगुळीत करून द्यायला सांगा. खरबरीत राहिलेली झिर्कोनिया समोरच्या दाढेला झिजवते.

निघताना एक कागद मागून घ्या: कॅपचं साहित्य, कंपनीचं नाव, रंगाचा नंबर, तारीख आणि वॉरंटी असल्यास तिच्या अटी. तुमचा स्कॅन किती दिवस जपून ठेवतात तेही विचारा.

घरी आल्यावर

बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नका. गाल किंवा ओठ चावला जातो आणि कळतही नाही. लहान मुलं सोबत नेलेल्या आयांना हे माहीत असतं, मोठी माणसं विसरतात. पाणी प्या, ताक प्या. त्या दिवशी जेवण दुसऱ्या बाजूनं: खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, पिकलं केळं. चिकट गुळपट्टी, चिक्की दोन-तीन दिवस नको. कडक बट्टी, बिबड्या, सुपारी, मटणाची नळी या गोष्टी कॅपनं फोडायच्या नाहीत, आणि हे आज-उद्यापुरतं नाही, कायमचं. स्वतःच्या मूळ दाढेनंही फोडू नयेत असं माझं मत आहे. दुसऱ्या दिवसापासून साधी भाकरी-भाजी चालते.

बधिरपणा उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, दात हलकेच मिटून बघा. नवी कॅप सगळ्यांच्या आधी टेकते असं वाटलं, किंवा त्याच बाजूनं चावताना कळ आली, तर कॅप उंच आहे. "सवय होईल" म्हणून थांबू नका. फोन करा, दोन मिनिटांत घासून सारखी होते. थांबलात तर दाढ आणि जबड्याचा सांधा दोन्ही दुखायला लागतात. नस जिवंत असलेल्या दाढेला एक-दोन आठवडे गार लागू शकतं, ते हळूहळू कमी होत जातं. रात्री आपोआप ठणका लागला, सूज आली, तर मात्र लगेच दाखवा.

कॅपला कीड लागत नाही. तिच्या कडेखालच्या दाढेला लागते, आणि रूट कॅनाल झालेली असेल तर दुखत नसल्यानं ती कळतही नाही. रात्रीचं ब्रश हिरडीच्या कडेवर तिरपा धरून करा. दोन दाढांमध्ये फ्लॉस किंवा छोटा ब्रश फिरवा, काडी किंवा टाचणी नको. सहा महिन्यांनी एकदा दाखवा. गावाकडच्या डॉक्टरांकडं दाखवलं तरी चालतं, तो कागद मात्र सोबत न्या.

आणि कधी कॅप निघून हातात आली तर गिळली जाणार नाही अशी काळजी घ्या, धुऊन छोट्या डबीत ठेवा. फेविक्विक किंवा घरातलं काहीही लावून परत बसवू नका. त्यानं हिरडी भाजते, आणि चांगली कॅपसुद्धा पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही. त्या बाजूनं चावणं थांबवून दोन-तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठा. तेवढ्यात दाढ तुटली नाही आणि आत कीड लागलेली नसली, तर बहुधा तीच कॅप साफ करून पुन्हा चिकटवता येते.